वेढ्यातले रॉक संगीत

प्रश्न : युद्धकाळात सारायेव्होत पाणी आणि वीजही दुर्मीळ असताना तिथले तरुण रॉक संगीत कसे वाजवत होते?

उत्तर : एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ या काळात बोस्नियाची ही राजधानी वेढ्यात होती आणि भोवतालच्या डोंगरांवरून तिच्यावर तोफा डागल्या जात होत्या. गिटारच्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. म्हणून जनरेटर आणि त्याचे इंधन मिळवणे हीच पहिली अडचण होती. तरीही तळघरांत सराव चाले आणि तोफगोळ्यांची भीती असूनही श्रोते येत. डिसेंबर १९९४ मध्ये ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश रॉक बँडमधून त्या काळात बाहेर पडलेले गायक ब्रूस डिकिन्सन यांनी धोका पत्करून तिथे कार्यक्रम केला. त्यांचे धैर्य मोठेच; पण माझ्या मते खरा मान रोज तिथेच राहून वाजवणाऱ्या स्थानिक मुलांचा आहे.