मोजपट्टी कोणाच्या मापाची?

प्रश्न : मी मानसशास्त्राची पदवीची विद्यार्थिनी आहे. माणसाची योग्य-अयोग्याची समज पायरीपायरीने वाढते, या मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग यांच्या सिद्धांतानुसार बऱ्याच स्त्रिया नैतिक विकासाच्या तिसऱ्या पायरीवरच थांबतात, असे वर्गात शिकवले गेले. पुढच्याच तासाला, हा पुरुषी पूर्वग्रह असल्याचे मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी दाखवून दिले, असेही शिकवले. परीक्षेपुरते नव्हे, तर खरोखर यांतले काय मानावे?

उत्तर : परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे : कोलबर्ग चुकले आणि गिलिगन यांनी ती चूक दुरुस्त केली. अडचण एवढीच की हे उत्तर निम्मेच खरे आहे.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातील १० ते १६ वर्षे वयाच्या ७२ मुलांच्या मुलाखती घेतल्या. येथे मुले म्हणजे मुलगेच, त्यांत एकही मुलगी नव्हती. (असा खुलासा मराठीत मुद्दाम करावा लागतो, हेही विषयाला धरूनच आहे.) या मुलग्यांच्या उत्तरांवरून विकासाच्या पायऱ्या रचल्या गेल्या. आपल्या माणसांच्या अपेक्षा आणि नातेसंबंध जपणे ही तिसरी पायरी ठरली, तर कायदा आणि समाजव्यवस्था यांचा विचार ही त्याहून वरची. नंतर याच पायऱ्यांवर स्त्रियांना उभे केले गेले आणि त्या खाली राहिल्याची नोंद झाली. नात्यांची काळजी ही न्यायविचारापेक्षा खालची का, हा प्रश्न गिलिगन यांनी १९८२ साली ठामपणे मांडला, आणि तो आजही तितकाच रास्त आहे.

मात्र गिलिगन यांचा पुरावाही तपासून घ्यावा लागतो. गर्भपाताच्या निर्णयाविषयीच्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात २९ स्त्रिया होत्या. तुलनेसाठी पुरुष नव्हते. पुढे १९८४ साली लॉरेन्स वॉकर यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोलबर्ग यांच्याच मोजपट्टीवर बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. जिथे आढळला, तिथे दोघांच्या शिक्षणात आणि व्यवसायातही अंतर होते. म्हणजे ज्या तफावतीवर एवढा वाद झाला, ती तफावतच बव्हंशी टिकली नाही. गिलिगन यांनी मोजपट्टीवर घेतलेला आक्षेप मला पटतो, परंतु स्त्रियांचा म्हणून एक वेगळा नैतिक स्वर, म्हणजे नैतिक विचार करण्याची वेगळी रीत, असते हा त्यांचा दावा मला सिद्ध झालेला वाटत नाही.

रेचल हेअर-मस्टिन आणि जीन मॅरेसेक यांनी १९८८ साली केलेली विभागणी येथे उपयोगी पडते. नसलेला किंवा किरकोळ फरक फुगवणे हा आल्फा पूर्वग्रह आणि असलेला फरक दुर्लक्षिणे हा बीटा पूर्वग्रह. दुसऱ्या प्रकाराकडे आपले लक्ष कमी जाते. ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याविषयीच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांत १९९५ पूर्वी स्त्रियांचे प्रमाण सुमारे १७ टक्केच होते, हे शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले. तरीही ‘लढा किंवा पळा’ हा प्रतिसाद पाठ्यपुस्तकांत सरसकट माणसाचा म्हणून छापला जात होता. अर्थात केवळ पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष स्त्रियांना लागू पडणारच नाही, असेही गृहीत धरता येत नाही. दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) धक्के देण्याची आज्ञा माणसे कुठवर पाळतात, हे पाहणारा मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांनी ४० पुरुषांवर केला. नंतर तोच ४० स्त्रियांवर केला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे ६५ टक्केच निघाले. हे अर्थातच प्रयोग केल्यावर कळले.

प्रश्न : संशोधनात स्त्रियांची संख्या वाढली की हा पूर्वग्रह आपोआप नाहीसा होईल का?

उत्तर : संख्या वाढल्याने विचारले जाणारे प्रश्न बदलतात, पण ‘आपोआप’ या शब्दाला माझी हरकत आहे. इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसोपचार क्षेत्रातील ७९ व्यावसायिकांना मानसिकदृष्ट्या निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ व्यक्ती यांचे वर्णन करण्यास सांगितले होते. निरोगी प्रौढाचे वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळले, स्त्रीच्या मात्र नाही. निरोगी स्त्री ही अधिक परावलंबी आणि सहज प्रभावाखाली येणारी मानली गेली. त्या ७९ जणांत ३३ स्त्रिया होत्या आणि त्यांची उत्तरे पुरुष सहकाऱ्यांच्या उत्तरांहून वेगळी नव्हती.