‘फॉल’ला मराठीत काय म्हणायचं?

ऑगस्टमध्ये बोस्टनजवळ राहायला आलेल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: “इथे सगळे फॉल, फॉल करतात. आईला फोनवर ‘शरद ऋतू सुरू झाला’ म्हटलं तर ती विचारते, मग कोजागरीला दूध आटवणार का? ‘पानगळ सुरू झाली’ म्हटलं की तिचा आवाज उतरतो, ‘बरं वाटत नाही का गं तुला?’ नेमका शब्द कोणता? आणि थँक्सगिव्हिंग हा सण म्हणायचा की सुट्टी?”

ताई, तुमच्या आईचा कान पक्का आहे. दोन्ही वेळा तिने शब्दाचा बरोबर तोच अर्थ ऐकला जो मराठीत त्याला आहे.

आधी शरद. अमेरिकेतला फॉल म्हणजेच इंग्लंडातला ऑटम. शाळेपासून आपण ‘ऑटम म्हणजे शरद’ असं पाठ करतो, आणि तारखांपुरतं ते चुकीचंही नाही. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तिकडचा ऑटम २२-२३ सप्टेंबरच्या विषुवदिनापासून धरतात. दोन्ही कालखंड बऱ्यापैकी एकमेकांवर बसतात. पण ऋतूचं नाव म्हणजे काही नुसती तारीख नव्हे. शरद म्हटलं की आपल्याला पाऊस संपल्यानंतरचं जग दिसतं: नद्यांचं निवळलेलं पाणी, धुतल्यासारखं आकाश, टिपूर चांदणं, शारदीय नवरात्र. दुपारी मात्र ‘ऑक्टोबर हीट’. या दिवसांत आजार इतके बोकाळतात की जुन्या लोकांनी ‘वैद्यानां शारदी माता’ म्हणून ठेवलंय. शरद ही वैद्यांची आई, तीच त्यांचं पोट भरते! या सगळ्या चित्रात गळणारं पान एकही नाही. स्वेटर तर नाहीच.

आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण होतात आणि त्या उघड्या फांद्यांवरच फुलतात. तिथे कारण पाण्याचं. जमिनीतली ओल कमी होते म्हणून झाड पानं टाकतं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे तुमच्या बोस्टनच्या परिसरात, झाडाला खूण मिळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसाची आणि थंडीची. शिवाय आपल्या पानगळीच्या पाठोपाठ काही आठवड्यांत चैत्रपालवी येते, तिकडे मात्र पुढची पालवी बघायला एप्रिल-मे उजाडतो. म्हणजे ‘पानगळ’ हा शब्द घेतला तर तो कॅलेंडरात चार महिने मागे सरकवावा लागतो, आणि त्याच्या पुढची प्रतीक्षाही लांबवावी लागते.

खरी अडचण अशी की रोजच्या मराठीत ऋतू तीनच आहेत: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. या ‘-आळा’त संस्कृतातला ‘काल’ दडलाय. उष्णकालाचा उन्हाळा, हिमकालाचा हिवाळा. सहा ऋतू पंचांगात आणि कवितेत. चौथा ‘-आळा’ आपल्याकडे घडलाच नाही, कारण गरजच पडली नाही. मी एकदा गमतीने ‘पानाळा’ करून पाहिला, पण ऐकणाऱ्याला थेट पन्हाळगडच आठवला.

तरी मला विचाराल तर पानगळच म्हणा. कारण मुळात ‘फॉल’ म्हणजेच पानगळ. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात ‘फॉल ऑफ द लीफ’ असा अख्खा प्रयोग होता, त्याचं आखूड रूप म्हणजे फॉल. तो शब्द जहाजातून अमेरिकेला गेला आणि तिथे रुजला. इंग्लंडात मागे राहिलेल्यांनी लॅटिनकडून फ्रेंचमार्गे आलेला ‘ऑटम’ धरून ठेवला. आपला पान अधिक गळ हा समास कुणाचंही बघून केलेला नाही, तरी हुबेहूब तोच आहे.

मग आईचा आवाज का उतरतो? ते ‘गळणे’ या क्रियापदामुळे. मराठीत नळ गळतो, छप्पर गळतं, पण अवसानही गळतं. हातपाय गळतात. तापातून उठलेला माणूस ‘अगदी गळून गेलाय’. ‘पानगळ’ उच्चारली की हा सगळा थकवा सोबत येतो. ‘पानझड’ त्यामानाने कोरडी आहे, म्हणूनच भूगोलाच्या पुस्तकात ‘पानझडी वने’ असतात आणि भावगीतात पानगळ असते. झडणे हे आपसूक, मुबलक; मोहोर झडतो, पिसं झडतात, त्यात कुणी खचत नाही.

पण सप्टेंबरच्या अखेरीस तुमच्या खिडकीबाहेर जे चालू होतं, ते अजून गळणंही नसतं आणि झडणंही. इंग्रजीत तिथे पानं ‘टर्न’ होतात. याला मराठीत फार सुंदर क्रियापद आहे आणि परदेशातले मराठी लोक ते वापरत नाहीत याचं मला दर वर्षी नवल वाटतं: पिकणे. पान पिकतं. फळ पिकतं, शेत पिकतं, केस पिकतात, तसंच पान. फळ पिकताना जसं हिरवेपण ओसरतं, तसंच इथेही होतं; हरितद्रव्य मोडत जातं आणि आधीपासून झाकलेला पिवळा रंग वर येतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत, पानात अडकलेल्या साखरेच्या जोरावर नव्याने तयार होतो. ‘पिकलं पान’ आपण म्हाताऱ्या माणसाला म्हणतो हे खरं, पण क्रियापदात मरगळ नाही, भरलेपण आहे.

जाता जाता एक गंमत. ‘ऑटम’ या अर्थाचा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी कित्येक पिढ्या आहे: खरीप. अरबीत खरीफ म्हणजेच शरद किंवा पानगळीचा ऋतू. पीक त्या दिवसांत हाती येतं म्हणून खरीप. आणि वसंतात हाती येतं ते रब्बी, कारण अरबीत रबी म्हणजे वसंत. आपण मात्र खरिपाचा संबंध मृगाच्या पेरणीशी जोडतो, त्यामुळे ऋतू विसरला गेला आणि पीक उरलं. इंग्रजीत उलटं झालं. तिथे ‘हार्वेस्ट’ हे आधी ऋतूचं नाव होतं, पुढे ते फक्त सुगीचं झालं. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘हेर्ब्स्ट’ आजही ऋतूच आहे.

आता सण की सुट्टी. दोन्ही शब्द बघा. सण हा संस्कृत ‘क्षण’पासून आला, क्षण म्हणजे निवांत वेळ, उत्सवसुद्धा. प्राकृतात तो ‘छण’ झाला आणि मराठीने छचा स केला. सुट्टीचंही तसंच, हिंदीत छूटना, छुट्टी आणि मराठीत सुटणे, सुट्टी. छुरीची जशी सुरी. म्हणजे सणात वेळ आपल्याला लाभतो आणि सुट्टीत आपण कशातून तरी सुटतो. या मापाने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे ही निव्वळ सुट्टी. ३१ ऑक्टोबरचं हॅलोवीन हा सण, पण सुट्टी नाही. पोरं शाळा करून मग संध्याकाळी दारोदार फिरतात. थँक्सगिव्हिंग दोन्ही आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार १९४१च्या कायद्याने ठरलेला, आणि त्या दिवशी माणसं विमानं पकडून घरी जेवायला जातात, तेव्हा त्याला सण म्हणायला काहीच हरकत नाही. दिवाळीचं मात्र बहुतेक ठिकाणी हॅलोवीनसारखं, सण आहे पण सुट्टी नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांत ती २०२४पासून मिळू लागली. तुमच्याकडे लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर.

आणखी एक शब्द तुम्हाला लवकरच अडणार आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतील आणि साडेचारच्या सुमाराला अंधारून येईल. माझ्या पहिल्या वर्षी मी आईला फोनवर सांगितलं, “दिवेलागण झाली, आता चहा टाकते.” तिला वाटलं, माझं घड्याळ बंद पडलंय.

तोवर तुमच्या आईला सांगा, इथली पानं पिकायला लागलीत. गळतील तेव्हा कळवीन म्हणावं.