रोश हशानाचा गोल खाल्ला: पहिल्यांदा भाजताना

रोश हशाना म्हणजे तिश्री महिन्यातलं यहुदी नववर्ष. त्या दिवशीचा खाल्ला (challah, यहुदी सणाचा पाव) वेणीचा नसतो, गोल असतो. वर्ष फिरून येतं म्हणून. 500 ग्रॅम मैदा, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 2 अंडी, 60 मिली तेल, 60 ग्रॅम मध, 9 ग्रॅम मीठ, सुमारे 180 मिली कोमट पाणी, थोडे बेदाणे. लोणी किंवा दूध नको, कारण जेवणात मांस असतं आणि यहुदी आहारनियमांत मांसासोबत दूधदुभतं चालत नाही.

कणीक दहा मिनिटं नीट मळा. मधाचं पीठ सावकाश फुगतं; दुप्पट होईपर्यंत थांबा, घड्याळाकडे बघू नका. मग बेदाणे आत दडवून (वर राहिले की करपतात) साठ सेंटिमीटरची वळी करा आणि सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळली की मधला भाग वर उसळतो आणि आतून कच्चा राहतो. पाऊण तास ठेवा, अंडं लावा, 180 अंशांवर अर्धा तास भाजा. मधामुळे रंग लवकर चढतो, तेव्हा वर फॉइल टाका.

पीठ फुगताना मोकळा वेळ मिळतो. तो नुसत्या संकल्पांत घालवू नका. योम किप्पुरला (नववर्षानंतर येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी) देवाशी झालेल्या चुकांची क्षमा मिळते; माणसाला दुखावलं असेल तर आधी त्यालाच मनवावं लागतं. म्हणून त्या वेळेत एक फोन कराच.