जुन्या रायफलवरची पीप साइट ओळखायची कशी आणि बसवायची कशी?

जुन्या एअर रायफलसोबत एक सुटी पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) मिळाली, ती कोणती आणि याच रायफलवर बसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. एक विनंती आधीच करतो: बसत नाही म्हणून रायफलला भोक पाडू नका. जुन्या पोलादात पाडलेलं भोक परत बुजत नाही.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि साइट रात्रभर रॉकेलात ठेवा. सकाळी टूथब्रशने घासली की काळ्या चिकट थराखालून अक्षरं वर येतात. ती तिरप्या उजेडात वाचा. पार्कर-हेलच्या साइटवर पीएच आणि आकडा असतो. त्यात एका अक्षरानेही रायफल बदलते: पीएच 5ए एसएमएलई या जुन्या ली-एनफिल्ड रायफलसाठी, पीएच 5सी ली-एनफिल्ड नंबर 4 साठी. एजे पार्कर ही वेगळी कंपनी, दोघींची गल्लत फार होते.

नाव पुसलं असेल तर पाया पाहा. खालून दोन जबडे असतील तर ती रुळावर, म्हणजे रायफलच्या माथ्यावरच्या खाचांच्या पट्टीवर, चढते. सपाट पाया आणि स्क्रूची दोन भोकं असतील तर ती रायफलच्या अंगाला बाजूने लागते. लायमन, रेडफिल्ड, विल्यम्स या अमेरिकन कंपन्यांच्या बऱ्याच साइट अशा आहेत.

आता रुळाची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. बहुतेक एअर रायफलींचा 11 मिमी असतो, काही जुन्या बीएसए कंपनीच्या रायफलींचा 13 च्या आसपास. जबडा एका कडेवरच टेकत असेल तर जोर लावून आवळू नका, रुळाची धार जाते. भोकाच्या चकतीचंही तसंच. अमेरिकन साइटमध्ये बहुधा 7/32 इंच, इंचाला 40 आट्यांची चकती लागते, आजच्या मॅच (स्पर्धेच्या) साइटला 9.5 मिमी, 1 मिमी पिचची, म्हणजे दोन आट्यांत 1 मिमी अंतर असलेली. बोटांनी फिरत नसेल तर आटे वेगळे आहेत.

खरी अडचण पुढे येते, उंचीची. पीप साइट जुन्या मागच्या साइटपेक्षा बरेचदा उंच बसते, मग ती पार खाली आणूनही छर्रे वरच लागतात. माझ्या रायफलवर 10 मीटरवर 4 सेंमी वर जात होते. दोन्ही साइटमधलं अंतर 70 सेंमी. 4 गुणिले 70 भागिले 1000 (10 मीटरचे सेंमी), म्हणजे 0.28 सेंमी. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, 2.8 मिमी उंच केली आणि प्रश्न सुटला. आधी हा हिशेब करा, मगच माशी घ्या.

स्प्रिंगच्या रायफलचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, त्यामुळे साइट रुळावर सरकते. मागे अडवणारी पिन किंवा ठोकळा हवाच. पहिल्या पन्नास छऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासा.

नेम धरताना भोकाकडे पाहू नका, नजर माशीवर ठेवा. माशी मधोमध आणण्याचं काम डोळा आपोआप करतो. उजेड कमी वाटला तर थोडं मोठं भोक लावून पाहा.