एवढीशी पावडर रूम, त्यात गडद रंग?

प्रश्न : जिन्याखाली साधारण चार बाय पाच फुटांची जागा निघतेय, तिथे पाहुण्यांसाठी पावडर रूम करायचं चाललंय. कमोड आणि बेसिन एवढंच, शॉवर नाही, खिडकीही नाही. बायकोला एका भिंतीवर हाताने बनवलेल्या ओबडधोबड हिरव्या टाइल्स हव्यात, बाकी सगळं गडद, आणि बेसिनखाली पांढरा मार्बल. मला वाटतंय की कपाटात कोंडल्यासारखं होईल. इलेक्ट्रिशियन म्हणतो मधोमध एक पॅनल लाइट टाकला की झालं. कोणाचं ऐकू?

उत्तर : बायकोचं ऐका, मार्बल सोडून.

पांढऱ्या रंगाने जागा मोठी दिसते हे खरं, पण उजेड भरपूर असेल तर. बिनखिडकीच्या खोलीत पांढरा रंग बऱ्याचदा मळकट करडा दिसायला लागतो. गडद रंगात उलट कोपरा नेमका कुठे संपतो ते डोळ्याला पटकन कळत नाही, आणि तिथे माणूस थांबून थांबून थांबणार पाच मिनिटं, त्यामुळे हौस करायला यापेक्षा चांगली जागा घरात नाही. फक्त तो उतरता स्लॅबसुद्धा त्याच रंगात घ्या, नाहीतर डब्याला पांढरं झाकण लावल्यासारखं दिसतं.

आता लाइट, कारण खरी गंमत (आणि गडबडही) इथेच होते. मधोमध पॅनल लावलात तर आरशासमोर उभं राहिल्यावर उजेड डोक्यावरून येतो, डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात आणि चांगला ठणठणीत माणूस आठवडाभर तापाने आजारी असल्यासारखा दिसतो. त्याऐवजी आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉल लाइट द्या, जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर, म्हणजे साधारण चेहऱ्याच्या उंचीला. चार फुटांच्या भिंतीवर वीस-बावीस इंची आरसा आणि दोन्हीकडे लाइट आरामात बसतात. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) ९० किंवा जास्त लिहिलंय ना ते बघा. सीआरआय कमी असला की तुमची ती हिरवी टाइल मरगळलेली दिसेल आणि पाहुण्यांचे चेहरेही.

टाइलच्या भिंतीसाठी वेगळा लाइट, वरून भिंतीला घासून खाली येणारा. सँपल टाइल घरी आणा, अंधारात भिंतीला टेकवून उभी करा आणि मोबाइलचा टॉर्च आधी समोरून मारा, मग वरून भिंतीलगत धरा. समोरून सपाट हिरवी दिसणारी टाइल वरून उजेड आला की एकदम जिवंत होते, प्रत्येक खळगा, ग्लेझची प्रत्येक लाट दिसते. पण हाच उजेड मिस्त्रीची चूकही तितक्याच प्रेमाने दाखवतो. मी स्वतः हा उद्योग करून बसलेय, मोठ्या गुळगुळीत टाइल्स लावून झाल्या आणि मग हौसेने वर एलईडी स्ट्रिप टाकली, तर रात्री प्रत्येक टाइलची कड वर आलेली दिसायला लागली आणि चकचकीत पृष्ठभागावर स्ट्रिपचे ठिपके ओळीने चमकायला लागले ते वेगळंच. ठिपक्यांवर डिफ्यूझरवालं प्रोफाइल (स्ट्रिप बसवायची पट्टी, वर उजेड पसरवणारं दुधी झाकण असलेली) हा उपाय आहे, कडांवर काही नाही. म्हणून लाइटचे पॉइंट आधी ठरवा, आणि भिंतीवर घासून उजेड पडणार आहे हे मिस्त्रीला टाइल लावायच्या आधी सांगा.

मार्बलचं असं आहे की तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की त्याची चकाकी जाते. सीलर मारला तरी तो फक्त डाग आत मुरू देत नाही, आम्लापासून वाचवत नाही. सँपलवर लिंबाचे दोन थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा आणि तिरकं धरून बघा. टॉयलेट क्लीनर तर त्याहून कडक. फारच मन गुंतलं असेल तर मार्बल आरशामागच्या भिंतीला लावा, बेसिनखाली ग्रॅनाइट घ्या.

जाता जाता : टेबलटॉप (काउंटरवर ठेवायचं) बेसिन घेणार असाल तर त्याची उंची आधी मोजा. बेसिन सहा इंच असेल तर काउंटर सत्तावीस-अठ्ठावीस इंचांवरच हवा, नाहीतर हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा, आत हवाच आली नाही तर फॅन बाहेर काय फेकणार?

प्रश्न : पावडर रूममध्ये वॉलपेपर टिकतो का?

उत्तर : टिकतो. शॉवरची वाफ नसते म्हणून इथे चालतो, तरी विनाइलचा घ्या आणि बेसिनमागे टाइल किंवा काच लावा. भिंतीला पलीकडून ओल येत असेल तर मात्र आधी ती बंद करा, वॉलपेपरचं नंतर बघू.

प्रश्न : पितळी नळ काळपट पडलाय, फसवलं का दुकानदाराने?

उत्तर : नाही हो! लॅकर (वरचा पारदर्शक संरक्षक थर) नसलेलं पितळ हवा-पाण्याने काळवंडतंच, आणि कित्येकजण मुद्दाम त्यासाठीच ते घेतात. चकाकीच हवी असेल तर अधूनमधून पॉलिश करत बसा, नाहीतर लॅकरवाला नळ बसवा. आणि तो नुसता मऊ कापडाने पुसा, घासणीने लॅकर निघतो.