वाचकांचे प्रश्न : नागानोनंतरचा हरमान मायर

प्रश्न : १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू हरमान मायर भयानक रीतीने पडल्याची चित्रफीत नुकतीच पाहिली. तोच खेळाडू तीन दिवसांनी सुवर्णपदक जिंकतो, यात नशिबाचा वाटा किती? पुढे त्याचे काय झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेली शर्यत १३ फेब्रुवारीची, डाउनहिलची होती. आल्पाइन स्कीइंगच्या या सर्वांत वेगवान प्रकारात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने उतार उतरावा लागतो. सुरुवातीच्याच एका वळणावर तोल जाऊन मायर हवेत फेकला गेला आणि सुरक्षेच्या जाळ्या ओलांडून बर्फात आदळला. खांदा व गुडघा दुखावूनही तो उठून चालू लागला, हे नशीबच. हवामान बिघडल्याने पुढची सुपर-जी (डाउनहिलपेक्षा थोडी कमी वेगाची, पण जास्त वळणांची) शर्यत लांबली आणि त्याला थोडी विश्रांती मिळाली, हेही नशीबच म्हणावे लागेल.

त्यापुढचे श्रेय मात्र त्याचे स्वतःचे आहे. डाउनहिलला आधी सरावाच्या फेऱ्या मिळतात, सुपर-जीला त्या नसतात. सकाळी उतारावरून सावकाश खाली येत प्रत्येक गेट (ज्यातून जावेच लागते ती खांबांची जोडी) डोक्यात साठवायचे आणि मग त्याच वाटेवर पहिल्यांदाच पूर्ण वेगाने स्वतःला झोकून द्यायचे. नुकत्याच पडलेल्या माणसाचे शरीर अशा वेळी आपोआप आखडते. मायरचे आखडले नाही. १६ तारखेला त्याने सुपर-जी जिंकली आणि १९ तारखेला जायंट स्लॅलम, म्हणजे आणखी जास्त वळणांची, दोन फेऱ्यांची शर्यतही.

हा धीर कोठून आला, हे त्याच्या पूर्वायुष्यात पाहावे. फ्लाखाऊ या गावी वडिलांची स्कीइंग शाळा होती. पण शरीराने लहान म्हणून पंधराव्या वर्षी त्याला श्लाडमिंगच्या प्रशिक्षण संस्थेतून परत यावे लागले. मग उन्हाळ्यात गवंडीकाम आणि हिवाळ्यात स्कीइंगची शिकवणी, असा त्याचा क्रम सुरू झाला. जानेवारी १९९६ मध्ये गावातच विश्वचषकाची, म्हणजे मोसमभर ठिकठिकाणी चालणाऱ्या मालिकेतली, शर्यत झाली, तेव्हा स्पर्धकांआधी उतरून मार्ग तपासणाऱ्यांत तो होता. त्याने घेतलेला वेळ स्पर्धेत धरला असता तर तो बारावा आला असता! तेविसाव्या वर्षी, म्हणजे या खेळात बऱ्याच उशिरा, निवडकर्त्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. १९९९-२००० च्या मोसमात त्याने विश्वचषकाचे २,००० गुण मिळवले. एका विजयाला शंभर गुण असतात, यावरून त्या मोसमाची कल्पना यावी.

तरीही माझ्या मते त्याचा खरा पराक्रम नागानोचा नव्हे. ऑगस्ट २००१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा उजवा पाय इतका चिरडला, की तो कापावा लागतो की काय अशी स्थिती झाली. नडगीच्या हाडात टायटॅनियमची सळई बसवली गेली आणि २००२ चे ऑलिंपिक हुकले. जानेवारी २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन येथे जायंट स्लॅलममध्ये परतताना तो दुसऱ्या फेरीलाही पात्र ठरला नाही. मात्र दोनच आठवड्यांनी, २७ जानेवारीला, ऑस्ट्रियातील किट्सब्यूलची सुपर-जी त्याने जिंकली. नागानोत शरीर शाबूत होते, येथे पायच नव्याने उभा करावा लागला होता. पुढच्या मोसमात त्याने सर्वंकष विश्वचषक (सर्व प्रकारांतील गुण मिळून ठरणारा) चौथ्यांदा पटकावला, २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य व एक कांस्य मिळवले आणि विश्वचषकाच्या ५४ शर्यती नावावर ठेवून ऑक्टोबर २००९ मध्ये तो निवृत्त झाला. नागानोची चित्रफीत आपण पाहिलीच आहे; किट्सब्यूलची ती शर्यतही अवश्य पाहावी.