‘किंगडम’ ही कोरियन झोंबी मालिका १३ वर्षांच्या मुलाला दाखवावी का?

नको. जोसोन काळ (कोरियातला जुना राजेशाही काळ), राजवाडा, सुंदर टोप्या बघून ती ऐतिहासिक मालिका वाटते, पण नेटफ्लिक्सवर ती प्रौढांसाठीच आहे.

शिरच्छेद, हाडांचा कडकडाट, रक्त हे तर आहेच. खरा त्रास वेगळाच आहे. पहिल्याच भागात दवाखान्यातल्या भुकेल्या रुग्णांना नकळत माणसाच्या मांसाचा रस्सा वाढला जातो, आणि ते भांड्यावर तुटून पडतात. दुसऱ्या सीझनमध्ये राणीला मुलगा हवा म्हणून गरोदर बायका कोंडून ठेवल्या जातात, मुलगी झाली की जीव घेतला जातो. तान्ह्या बाळाला झोंबी चावतो तेही दिसतं. लहान मुलांना झोंबीपेक्षा हेच जास्त छळतं. मुख्य मालिकेत लैंगिक दृश्यं जवळपास नाहीत. पण २०२१ च्या ‘आशिन ऑफ द नॉर्थ’ या दीड तासाच्या विशेष भागात लैंगिक अत्याचार सूचित केलेला आहे.

मुलाच्या प्रोफाइलला यू/ए १३+ मर्यादा लावा. नेटफ्लिक्सच्या अकाउंट पानावर ठरावीक शीर्षकं अडवताही येतात. तिथे ‘आशिन’ वेगळं टाका, कारण ते स्वतंत्र शीर्षक आहे. बहुतेक घरांत फसतं ते इथे: मुलाचं प्रोफाइल बंदिस्त, आईबाबांचं उघडं. म्हणून तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावाच.

सोळा-सतरा वर्षांचं मूल हट्टच धरत असेल तर पहिला भाग आधी एकट्याने बघा, मग शेजारी बसून दाखवा. रात्री झोपताना मात्र नको.